तुझ्या कादंबरीतल्या त्या पाहुण्याबद्दल

प्रिय मुली,

गावात येऊन सगळ्यांना गोडीगोडीत लुबाडणाऱ्या पाहुण्याच्या तुझ्या कादंबरीची फाईल मिळाली. दोन रात्रीत वाचून काढली, दुसऱ्या रात्री दीड वाजला कारण सातवं प्रकरण मध्येच ठेवता येईना. म्हणून पत्र लांबणार आहे, आणि काही गोष्टी स्पष्टच लिहिते, वाईट वाटून घेऊ नकोस.

सावंतवाडी घेतलीस ते आवडलं, १९९८ साल घेतलंस ते त्याहून जास्त. मोबाईल नाहीत, नाक्यावर एसटीडी बूथ आणि तिथे मागे उभा असलेला माणूस आपलं सगळं बोलणं ऐकतोय. नव्या माणसाची चौकशी करायची तर मुंबईला पत्र टाकायचं आणि उत्तराची वाट बघत बसायचं. ते वाट बघणं म्हणजेच तुझं थ्रिलर आहे गं, ते हातचं सोडू नकोस.

आता पहिलं पान. रात्र, धो धो पाऊस, लाईट गेलेली, काळं जॅकेट घातलेला माणूस स्टेशनवर उतरतो आणि कुत्री रडायला लागतात. वाचकाला तिथेच कळलं की हा वाईट आहे, मग पुढची दोनशे पानं गावातले सगळे नुसते बावळट दिसतात, आणि ते बावळट नाहीत, हे तुलाही माहितीय कारण त्यातली निम्मी माणसं तुझ्या आजीच्या आळीतली आहेत. त्याला भर दुपारी आण. मळगावच्या स्टेशनवर उतरून रिक्षा करून येईल, घामाघूम, कुणाच्या तरी पडवीत टेकून पाणी मागेल, आणि मग जे आपल्याकडे प्रत्येकाला विचारतात तेच त्याला विचारतील, खयसून इलास, कोणाचो रे तू? या प्रश्नाला तो काय उत्तर देतो त्यावर अख्खी कादंबरी उभी राहील. तुझ्या ड्राफ्टमध्ये तो म्हणतो की मी अनाथ आहे. नको. अनाथ माणसावर गाव दया करेल, विश्वास नाही टाकणार. त्याने कुणाच्या तरी मामाचं नाव घ्यायला हवं, परळच्या चाळीतलं, आणि ते खरं असायला हवं.

हे त्याला कसं माहीत, तर गिरणगावात आपल्याकडच्या लोकांच्या गावाच्या खोल्या असायच्या ना, एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. तशा खोलीत तो लहानाचा मोठा झालाय असं कर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, बापाची नोकरी गेली ती गेलीच, आणि हा पोरगा रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसांच्या गप्पा ऐकत राहिला, कुणाच्या आईकडे पाटल्या आहेत, कुणाच्या सातबारावर किती नावं चढलीयत, कोण कुणाशी वीस वर्षं बोलत नाही. म्हणजे गावात पाय ठेवायच्या आधी गाव त्याला पाठ आहे. आणि त्याचा राग पण खरा आहे. हे तुझ्या ड्राफ्टमध्ये कुठेच नाही, त्याला नुसते पैसे हवेत, आणि नुसते पैसे हवे असलेला माणूस तिसऱ्या प्रकरणात कंटाळा आणतो.

लाघवीपणाचं पण सांगते. तू सारखं लिहितेस की त्याचं हसू मोहक होतं, डोळे खोल होते. हसू कुणाला आठवत नाही. लोकांना आठवतं ते हे की त्याने फ्यूज बसवून दिला, तलाठ्याकडून आलेला कागद वाचून दाखवला, मुलगा मुंबईला असलेल्या म्हातारीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. प्रत्येक घरात एक जागा रिकामी असते, तो बरोब्बर त्या जागेवर बसतो.

खरं उदाहरण द्यायचं तर प्रवाशांना लुटून मारणारा चार्ल्स शोभराज. सत्तरच्या दशकात बँकॉकला त्याच्याकडे उतरलेल्या प्रवाशांना तो आधी गुपचूप काहीतरी देऊन आजारी पाडायचा, आणि मग स्वतःच उशाशी बसून औषधं द्यायचा. ते आभार मानायचे त्याचे! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही येतो, कारण यात एकही सुरा नाही की किंकाळी नाही, फक्त पाण्याचा ग्लास पुढे करणारा हात आहे. आणि तो सापडायला सुरुवात कशी झाली बघ. एक डच जोडपं घरी नियमित पत्रं लिहायचं, ती पत्रं यायची थांबली, नातेवाइकांनी विचारलं, आणि हर्मन क्निपेनबर्ग नावाचा डच वकिलातीतला एक तरुण अधिकारी, ज्याचं हे कामही नव्हतं, कागद गोळा करत बसला. न आलेलं पत्र. आपल्या कोकणात तर अख्खी घरं मनीऑर्डरवर चालली, तिथे एक न आलेली मनीऑर्डर केवढा सस्पेन्स आहे, विचार कर.

पुढे १९८६ च्या मार्चमध्ये शोभराज दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून पळाला, आणि ६ एप्रिलला मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी त्याला गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात धरला. याच झेंडेंनी त्याला १९७१ मध्येही पकडलं होतं, चेहरा डोक्यात बसलेला. तुझ्या सावंतवाडीपासून पर्वरी लांब नाही, बारा वर्षांपूर्वीची ती गोष्ट तुझ्या गावातल्या लोकांना आठवत असणारच, चहाच्या टपरीवर कुणीतरी ती सांगू दे आणि तुझा पाहुणा शेजारी बसून शांतपणे चहा पिऊ दे. पण एक गोष्ट मला मनापासून सलते. त्या हॉटेलात पुढे शोभराजचा पुतळा बसवला, लोक त्याच्या शेजारी बसून फोटो काढतात. त्याने मारलेल्या पोरापोरींची नावं त्यातल्या कुणाला माहीत असतील? तुझ्या पुस्तकाच्या शेवटी वाचकाच्या डोक्यात तुझा पाहुणा राहिला आणि पाटल्या गेलेली बाई विसरली गेली तर मला फार वाईट वाटेल.

पोलीस फार लवकर येतात तुझ्याकडे. १९९८ आहे, ठेवीदारांसाठीचा महाराष्ट्राचा एमपीआयडी कायदा १९९९ चा, म्हणजे तेव्हा हातात चारशेवीसच होतं, आणि लेखी काही नसेल तर चौकीतून ऐकायला मिळायचं की हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुणी चौकीत जातच नाही. का जात नाही ते मी पाहिलंय.

मी अकरा वर्षांची होते. आमच्या पुढच्या खोलीत एकजण भाड्याने राहायला आला, स्वच्छ शर्ट, हळू बोलणारा, आजीला आई म्हणायचा. पिग्मीसारखे रोज थोडे थोडे पैसे गोळा करायचा, व्याज ठरलेल्या तारखेला दारात आणून द्यायचा, एकदाही चुकला नाही. मला गोष्टीची पुस्तकं आणायचा आणि मी वाचलेलं सगळं ऐकून घ्यायचा, आमच्या घरात तेवढा वेळ कुणाला नव्हता. एकदा त्याच्या नावाऐवजी भलत्याच नावाचं पाकीट आलं. पोस्टमनकडून मीच घेतलं. तो म्हणाला, मित्राचं आहे, आपल्या दोघांतच राहू दे. मी राहू दिलं. तीन महिन्यांनी तो गेला, आणि त्यानंतर चार महिने आळीत कुणी अवाक्षर काढलं नाही, प्रत्येकाला वाटत होतं की फसलेले फक्त आपणच आहोत आणि हे बाहेर कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही. आईच्या पाटल्या गेल्या होत्या. बाबांना तिने सांगितलं की मोडायला दिल्यात. आणि मी तिला ते पाकिटाचं सांगितलं नाही, अजूनही नाही, आणि आता ती नाही.

तुझ्याकडे ती दहावीतली पोरगी आहे ना, जिला त्याच्या बॅगेत दोन पासबुकं दिसतात आणि ती लगेच धावत जाऊन सांगते? तिला सांगू देऊ नकोस. तिच्याकडे गप्प बसायचं कारण हवं, भीतीचं नको, मायेचं हवं. मग ती रोज त्याला चहा नेऊन देते तो प्रत्येक सीन आपोआप ताणला जाईल, तुला मोती तलावावर धुकं पसरवत बसायला लागणार नाही. (तलावाची ती तीन पानं काढ. मला माहितीय जिवापाड आवडतात तुला. तरी काढ.)

आणि गणपती! तू गणपती वापरलेच नाहीस. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, म्हणजे त्या वर्षीचे गणपती हे पूर्ण मार्ग झाल्यावरचे पहिले. चाकरमानी येणार, मुलगे येणार, आणि तो परळचा मामा पण येणार ज्याचं नाव घेऊन हा गावात शिरला. गावातल्या प्रत्येकाला ती तारीख माहीत आहे, त्याला पण. म्हणजे पहिल्या पानापासून घड्याळ चालू आहे आणि ते तुला कुठेही लिहून दाखवायला लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरेसं आहे.

तर आता सगळं पुन्हा लिहायला घेऊ नकोस. फक्त चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळचा सीन लिही. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधून झालीय, आतून नेवऱ्या तळल्याचा वास येतोय, मामाची गाडी लेट आहे, आणि तो पाहुणा त्या पोरीबरोबर पडवीत बसून दूर्वा निवडतोय. दोघांनाही माहीत आहे. पाच-सहा पानं होऊ देत, घाई करू नकोस.

पुढच्या मंगळवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यामुळे त्याआधी पाठवलंस तर बरं, आणि अक्षर मोठं ठेव.

तुझी,
ताई