त्रिनिदादला पाठवू का मुलाला?

प्रश्न : मुलाला त्रिनिदादमधल्या खत कारखान्यात नोकरी मिळतेय. तिथलं सरकार स्थिर आहे का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, सरकारची धास्ती नको. जहाजावर इंजिनिअर असताना मी तिथल्या पॉइंट लिसास बंदरात अमोनिया भरायला जायचो. बाहेर गाडीवर 'डबल्स', म्हणजे मऊ तळलेल्या पुऱ्यांवर चण्याची उसळ, खाताना राजकारण फुकट ऐकायला मिळे.

चौकट आपल्या ओळखीचीच : राष्ट्रपती नामधारी, कारभार पंतप्रधानांचा. खालच्या सभागृहात 41 जागा. वरच्या सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे, 31 जण मात्र सगळे नेमलेले. 16 सरकारचे, 6 विरोधकांचे, 9 अपक्ष.

2001 मध्ये तर तेव्हाच्या 36 जागा दोन पक्षांत 18-18 अशा वाटल्या गेल्या. राष्ट्रपती रॉबिन्सन यांनी विरोधी पक्षनेते मॅनिंग यांना पंतप्रधान केलं, पण सभापतीच निवडता येईना! 2002 मध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं. हेच रॉबिन्सन 1990 मध्ये पंतप्रधान असताना बंडखोरांनी त्यांना संसदेत ओलीस धरून पायात गोळी घातली होती. सहाव्या दिवशी बंडखोर शरण आले.

तरीही एप्रिल 2025 मध्ये सत्ताबदल झाला तो मतपेटीतून. कमला पर्साद-बिसेसर पुन्हा पंतप्रधान झाल्या.

खरा घोर टोळ्यांच्या गोळीबाराचा. त्यापायीच डिसेंबर 2024 मध्ये आणीबाणी लागली. दुसरा घोर नैसर्गिक गॅसचा. खताला लागणारा अमोनिया त्यातूनच बनतो आणि उत्पादन घटलंय. तेव्हा मुलाला दोनच गोष्टी विचारायला सांगा : कंपनीचा गॅसचा करार कधीपर्यंत आहे, आणि राहायची खोली नेमकी कुठल्या वस्तीत?