तो फोटो तूर्त बाजूला ठेव

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

थिसिसचा आराखडा मिळाला. ओपीडीतल्या मधुमेही रुग्णांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) काढायचा, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) बघायची आणि दोन्हींचा संबंध लावायचा, असा तुझा बेत. पहिल्या स्लाइडवर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा तो प्रसिद्ध फोटो. फोटोला माझी हरकत नाही. पण बीएमआयच्या मर्यादा दाखवायला छापलेला फोटो आधी लावायचा आणि पुढचा सगळा भरवसा बीएमआयवरच टाकायचा, ही विसंगती परीक्षकाच्या नजरेतून सुटणार नाही.

फोटोची गोष्ट तुला माहीत आहे. 2004, ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक, जेमतेम एक पान. दोघांचाही बीएमआय 22.3. डेक्साने (क्ष-किरणांच्या तपासणीने) शरीरातली चरबी मोजली तर युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2 टक्के. खालचा मजकूर मात्र फार थोडे वाचतात. युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिक रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ती गाठायला पळतात, असं त्यात लिहिलंय. (शास्त्रीय नियतकालिकात स्वतःची अशी थट्टा करायला जिगर लागते.) त्याच मजकुरात आणखी एक गोष्ट आहे: याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं. तू तिथूनच सुरुवात कर आणि मागे जा.

मागे जा म्हणजे पुण्याच्या केईएम रुग्णालयातून निघालेले आधीचे पेपर क्रमाने वाच. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी हर्टफर्डशरमधल्या साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या जन्माच्या जुन्या नोंदी शोधून दाखवलं होतं, की जन्मतः हलके असलेल्यांत मधुमेह जास्त. याज्ञिकांच्या गटाने साठीची वाट पाहिली नाही. केईएममध्ये जन्मलेली मुलं चार वर्षांची झाल्यावर त्यांना ग्लुकोज पाजून रक्त तपासलं. तो पेपर 1995चा. आठव्या वर्षी तीच मुलं पुन्हा तपासली, तो 1999चा. जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी अंगाने मोठी, अशा मुलांत इन्सुलिन-रोध (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ती अवस्था) सर्वांत जास्त दिसला. नुसतं ‘कमी वजनाचं बाळ’ म्हणून हे प्रकरण मिटत नाही, हे तिथेच कळलं होतं.

यानंतर सावकाश वाचायचा तो 2003चा पेपर. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993पासून गरोदर बायकांच्या, खरं तर गरोदर राहण्याआधीपासूनच, नोंदी ठेवल्या गेल्या. या आयांचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास, बीएमआय 18च्या घरात. त्यांची 631 बाळं आणि साउथहॅम्प्टनची 338 बाळं यांची तुलना केली. सरासरी वजन इकडे 2.7 किलो, तिकडे 3.5. इथवर नवल काहीच नाही. पण टेबल नीट बघ. पुण्याच्या बाळांचा पोटाचा घेर इंग्रज बाळांच्या तुलनेत 2.38 एसडीने (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, फरक मोजायचं संख्याशास्त्रातलं माप) कमी, दंडाचा 1.82ने, डोकं 1.21ने. आणि खांद्याच्या फळीखाली चिमटीत धरलेली त्वचेची घडी फक्त 0.53ने. स्नायू आणि पोटातले अवयव मागे राहिले, चरबी मात्र बरीचशी टिकली. आपण ज्याला किडकिडीत बाळ म्हणतो, ते जन्मतःच चरबीच्या हिशेबात तितकंसं किडकिडीत नाही.

कॅलिपरने (घडीची जाडी मोजायच्या चिमट्याने) घेतलेल्या घडीवर इतका मोठा निष्कर्ष कसा काढायचा, ही शंका तुला यायला हवी. इतरांनाही आली. नीना मोदी आणि सहकाऱ्यांनी पुणे आणि लंडनच्या नवजात बाळांचं एमआरआय केलं आणि 2009मध्ये छापलं: वजनाने लहान असूनही पुण्याच्या बाळांच्या पोटात चरबी जास्त. वेगळ्या यंत्राने तेच निघालं, म्हणून माझा त्यावर विश्वास बसला.

आईच्या आहाराचे पेपर मात्र जपून वाच. याच सहा गावांवरच्या 2001च्या पेपरात उष्मांक आणि प्रथिनं यांचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध यांचा दिसला. 2008मध्ये त्याच आयांची मुलं सहा वर्षांची झाल्यावरचा पेपर आला. गरोदरपणात सुमारे दोन-तृतीयांश बायकांत बी-12 कमी होतं. फोलेटची (फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं त्या जीवनसत्त्वाची) कमतरता जवळपास नव्हतीच. आईचं बी-12 कमी आणि फोलेट जास्त, तिथे मुलांत इन्सुलिन-रोध सर्वाधिक. हे वाचून एखादी उत्साही डॉक्टर गरोदर बाईच्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करायला निघेल. तसं कदापि करू नकोस. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, आणि बाळाच्या मज्जारज्जूच्या विकृती टाळण्यात फॉलिक ॲसिडचा उपयोग पक्का सिद्ध झालेला आहे. स्वतः संशोधकही संबंधावर थांबले नाहीत. याच गावांतली ती मुलं किशोरवयात आल्यावर 2012मध्ये ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू केली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून रोज 2 मायक्रोग्रॅम बी-12 द्यायचं आणि पुढे त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांकडे बघायचं.

आता तुझा आराखडा. त्यातली खरी अडचण बीएमआयपेक्षा एचबीएवनसीची आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णात तो आकडा शरीराबद्दल जितकं सांगतो, तितकंच गोळ्या नियमित घेतल्या की नाही याबद्दल सांगतो. शिवाय आपल्याकडे पंडुरोग (रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं) घरोघरी. लोहाच्या किंवा बी-12च्या कमतरतेत एचबीएवनसीचा आकडा खोटाच वर जाऊ शकतो, आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 आणखी घसरतं. निदान हिमोग्लोबिनचा रकाना तरी घाल. जमलं तर रुग्णांना सोडून त्यांच्यासोबत आलेल्या, मधुमेह नसलेल्या भावंडांना घे. उपाशीपोटी शुगर आणि इन्सुलिन, कमरेचा घेर, त्वचेची घडी. इन्सुलिनच्या तपासणीला पैसे लागतील, तेव्हा माणसं कमी घे. शंभर नीट मोजलेली माणसं मला पाचशे घाईतल्या नोंदींपेक्षा कधीही चालतील.

टेप कुठे लावायचा ते आधी ठरव: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. साडीच्या निऱ्यांवरून मोजलेला घेर ग्राह्य नाही. बायका संकोचतील, पडदा हवा आणि बाई मदतनीस हवी, ते एथिक्स कमिटीच्या अर्जातच लिही. घडी मोजणारी व्यक्ती एकच असू दे. तिने तेच दहाबारा जण दोनदा मोजून फरक किती येतो ते आधी बघावं. तो फरक थिसिसमध्ये छापायचा, लपवायचा नाही. बीएमआय काढच, पण जादा वजनाची रेघ 25वर ओढून थांबू नकोस. आशियाई लोकांत 23पासूनच लक्ष द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004मध्येच सुचवलंय.

आणि जन्मवजन विचार. बहुतेकांना सांगता येणार नाही, चाळिशीतल्या माणसाकडे कागद कुठला? पण आई हयात असेल तर घरी जन्म झाला की दवाखान्यात, महिने पूर्ण भरले होते का, एवढं तरी ती सांगेल. ‘माहीत नाही’ हाही एक रकाना ठेव, म्हणजे कुणी अंदाजाने आकडा भरणार नाही.

गाईडना भेटायच्या आधी नवा खर्डा मला पाठव. फोटोची स्लाइड तूर्त बाजूला ठेव. कॅलिपर आमच्या विभागातला घेऊन जा, फक्त त्याची स्प्रिंग तपासून घे.

तुझा,
सर