पलटण गोरी, खजिना आपला

प्रश्न : ब्रिटिश काळात खडकीला, पुणे कँपात गोऱ्या पलटणी असत. त्यांचा खर्च लंडनचं सरकार द्यायचं की हिंदुस्थानचा खजिना? काही वाटणी होती का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खर्च आपल्याच खजिन्यातून व्हायचा. पगार, रसद, बराकी हे तर झालंच, पण गोरा शिपाई मुंबई बंदरात उतरण्याआधीचा खर्चही आपल्या नावे पडायचा. माझी सगळी नोकरी लष्करी हिशेब खात्यात झाली, त्यामुळे ही बाब मला फार बोचते. रंगरूट तयार व्हायचा विलायतेत. त्या तयारीपोटी लंडनचं युद्ध खातं हिंदुस्थानात असलेल्या गोऱ्या शिपायांमागे माणशी आकार लावायचं. 1861 पासून 10 पौंड, 1890 पासून साडेसात, 1908 पासून 11 पौंड 8 शिलिंग. साडेसातच्या दरानं 70 हजार शिपाई धरले तरी वर्षाला सव्वापाच लाख पौंड! आणि इथली मुदत संपवून परतलेला शिपाई तिकडच्या राखीव फौजेत जायचा. म्हणजे तयार माणूस शेवटी त्यांच्याच उपयोगी पडायचा.

1867-68 मध्ये हिंदी फौज ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेवर गेली. ती लढाई आपली नव्हती, तरी त्या फौजेचा नेहमीचा पगार आपणच भरला.

न्यूझीलंड या दुसऱ्या ब्रिटिश वसाहतीकडे लंडननं पलटणींचे पैसे मागितले, तेव्हा 1864 मध्ये तिथल्या वेल्ड मंत्रिमंडळानं सरळ सांगितलं, तुमच्या पलटणी परत न्या. 1870 मध्ये शेवटची पलटण निघाली. आपल्याकडे असं सांगणारं निवडून आलेलं मंत्रिमंडळच नव्हतं. जी काही दाद मागायची ती साक्षी-पुराव्यानं.

ती मागितली गेलीही. 1897 मध्ये पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोपाळराव गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढे, म्हणजे हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश आयोगापुढे, साक्षीला उभे राहिले. वय अवघं तीस. साम्राज्याच्या कामासाठी ठेवलेल्या फौजेचा भार ब्रिटननंही उचलावा, हे त्यांनी आकडे मांडून सांगितलं. कमिशनवर दादाभाई नौरोजी सभासद होते. त्या साक्षीतली तयारी पाहिली की मला आजही अभिमान वाटतो.

तुम्ही विचारता तशी वाटणी सुरू झाली 1933 मध्ये, गॅरन लवादानंतर; माणशी आकाराचा वाद सोडवायला तो नेमला होता. ब्रिटननं वर्षाला 15 लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या दरानं 2 कोटी रुपये द्यायचं कबूल केलं. तेव्हा आपला लष्करी खर्च वर्षाला 40 कोटींच्या वर होता.