‘एलियन ३’ पुन्हा पाहावा का?

प्रश्न : ‘एलियन ३’ (१९९२) फारच तुटक वाटला. पुन्हा पाहावा का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : जरूर, पण २००३ची ‘असेम्ब्ली कट’, म्हणजे कापलेली दृश्यं परत जोडलेली आवृत्ती पाहा. मूळ चित्रपट ११४ मिनिटांचा, ही सुमारे १४५. पटकथा पक्की नसतानाच चित्रीकरण सुरू झालं, पुढे संकलनात कात्री चालली, तुटकपणा तिथला. गॉलिक या कैद्याचंच बघा. कैदी जिवावर उदार होऊन त्या परग्रहावरच्या हिंस्र प्राण्याला कोंडतात आणि हा गॉलिक पहाऱ्यावरच्या कैद्याचा गळा चिरून दार उघडतो! हा भागच कापल्यामुळे मूळ चित्रपटात गॉलिक मध्येच नाहीसा होतो. केवढं नुकसान! शक्यतो २०१०ची ब्लू-रे मिळवा. डीव्हीडीत परत जोडलेल्या दृश्यांतले काही संवाद नीट ऐकू येत नाहीत, ब्लू-रेसाठी कलाकारांनी ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले.