अकरा पहाटा आणि एक खंड्या

प्रश्न : मी बारावीत आहे. वन्यजीवांचं चित्रीकरण करायचं, हेच करिअर करायचं असं ठरवलं आहे. तळ्यावरचा खंड्या सूर मारून मासा पकडतो तो क्षण टिपण्यासाठी अकरा पहाटा बसले, पण एकही शॉट हाती लागला नाही. तरुणपणी शिकारीला जाणारे आजोबा म्हणतात, तुझ्यात बैठक नाही. बाबांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. हा नाद सोडावा का?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. अकरा पहाटा बसलीस हे तू लिहिलंस, पण त्या पहाटांत काय दिसलं याची एकही ओळ पत्रात नाही. खंड्या किती वाजता आला? कोणत्या फांदीवर बसला? सूर मारण्याआधी मान कशी हलवली? मासा मिळाल्यावर कुठे गेला? बैठक तुझ्यात आहेच, नाहीतर तिसऱ्या दिवशीच घरी झोपली असतीस. कमी आहे ती नोंदींची.

शॉट हुकला की आपण 'नशीब नव्हतं' म्हणून मोकळे होतो. वाघाचासुद्धा शिकारीच्या दहा-वीस प्रयत्नांत एखादाच सफल होतो, असं अभ्यासक मानतात. मग आपण अकरा दिवसांत स्वतःला नापास का ठरवायचं?

आजोबांना जिम कॉर्बेटबद्दल विचार. नरभक्षक वाघांची शिकार करणारा हा माणूस पुढे कॅमेऱ्याकडे वळला. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने काढलेली वाघांची छायाचित्रं पाहून त्याला ही ओढ लागली. पण सिनेकॅमेऱ्याची घरघर ऐकली की वाघ निघून जायचे. नुसतं जास्त वेळ बसून ही अडचण सुटणारी नव्हती. तेव्हा त्याने एका छोट्या ओढ्यावर लहान लहान बांध घातले, म्हणजे पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात कॅमेऱ्याचा आवाज बुडून जाईल. मग त्या जागी तो महिनोन् महिने बसला. मला या हकिकतीत त्या महिन्यांपेक्षा तो ओढा जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण कुठे चुकतो आहोत हे त्याने आधी शोधलं, मग धीर धरला.

आता तुझा खंड्या. तो ठरावीक फांद्यांवर पुन्हा पुन्हा येतो आणि पकडलेला मासा बहुधा फांदीवर आपटूनच गिळतो. चार दिवस कॅमेरा न उचलता फक्त फांद्या आणि वेळा लिही. मग सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवड आणि तिथे साधं लपण कर. पक्ष्याची नजर तीक्ष्ण असते, त्यामुळे तो येण्याआधीच आत जाऊन बस. सूर इतका झटपट असतो की दिसल्यावर बटण दाबशील तर उशीरच होणार. तुझ्या कॅमेऱ्यात प्री-रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती चालू ठेव, बटण दाबण्याआधीचे काही क्षणही त्यात साठतात. नसेल तर तो पाण्याकडे टक लावून मान हलवू लागला की लगेच चित्रीकरण सुरू कर आणि फोकस आधीच पाण्यावर बांधून ठेव. सेकंदाला १२० फ्रेम घेऊन २४ ने दाखवल्यास एका सेकंदाचा सूर पाच सेकंद दिसतो.

शिकाऱ्यात आणि चित्रीकरण करणाऱ्यात मात्र एक मोठा फरक आहे, आणि तो आजोबांपुढे निःसंकोच मांड. शिकाऱ्याचं काम एका गोळीत संपतं. तुझा पक्षी उद्याही त्याच फांदीवर आला पाहिजे. घरट्याजवळ बसली असशील आणि आई-बाप चोचीत चारा धरून नुसतेच घुटमळत असतील, सारखे ओरडत असतील, तर त्या क्षणी उठायचं. तिथे चिकाटी दाखवणं म्हणजे पिल्लांना उपाशी ठेवणं. शॉट कितीही जवळ आलेला असो, हा नियम मोडायचा नाही.

बाबांची काळजी खोटी नाही. या क्षेत्रात दरमहा पगार देणाऱ्या जागा थोड्या असतात. बहुतेक जण प्रकल्पांवर काम करतात आणि सुरुवात सहायक म्हणून होते: सामान वाहणं, बॅटऱ्या भरणं, ध्वनिमुद्रण, आणि शेकडो क्लिप पाहून प्रत्येकीत काय आहे हे लिहून ठेवणं. मीही काही काळ हेच केलं आहे. क्लिपा पाहताना मला कंटाळा यायचा आणि मग नोंदी चुकायच्या. त्या चुका दुसऱ्याच्या महिनाभराच्या मेहनतीला महाग पडायच्या, हे मला उशिरा कळलं. म्हणून तुला नोंदींबद्दल इतकं बजावून सांगते आहे.

पदवी प्राणिशास्त्राची किंवा पर्यावरणशास्त्राची घे. कॅमेरा आणि संकलन सोबत शिकता येतं, पण प्राण्याचं वागणं ओळखणारी नजर घडायला वर्षं लागतात. बारावीची परीक्षा संपेपर्यंत आठवड्यातून एकच पहाट तळ्याला दे, बाकीच्या अभ्यासाला. बाबांशी तसं बोल आणि वही त्यांना दाखव. पहिल्या दहा नोंदी झाल्या की मलाही पाठव. खंड्या मासा फांदीवर किती वेळा आपटतो, हे मला वाचायचं आहे.