नॅनोट्यूब मिसळलेलं कार्बन फायबर जळलं तर नेमकं कशाला घाबरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कार्बन तंतूंना बांधून ठेवणाऱ्या इपॉक्सी रेझिनमध्ये कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, घातलेलं पॅनेल जळलं, तर त्या सुट्या होऊन धुरातून फुफ्फुसात जातात का, आणि धुळीचा मास्क पुरतो का? मास्क पुरत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

'नॅनो' म्हटलं की सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. पण आगीत माणसाला पहिल्यांदा गाठतात ते वायू. साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला इपॉक्सीचं विघटन होतं आणि कार्बन मोनॉक्साइड, फिनॉल, बेंझिन बाहेर पडतात. हार्डनर (इपॉक्सी घट्ट करणारं रसायन) नायट्रोजनयुक्त अमाइनचा असेल तर हायड्रोजन सायनाइडही. धुळीच्या मास्कातून हे सगळे आरपार जातात.

त्यानंतर तंतू, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. कार्बन तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाड असतो, म्हणजे फुफ्फुसात खोलवर पोचायला जाडच. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात धोक्याचा तंतू म्हणजे ३ मायक्रॉनपेक्षा बारीक, ५ मायक्रॉनपेक्षा लांब आणि जाडीच्या तिपटीहून लांब. रेझिन जळून गेल्यावर उघडा पडलेला तंतू प्रखर आगीत हवेशी संयोग पावून झिजतो, त्याला खड्डे पडतात, तो उभा चिरतो. झालं, बसला निकषात! उत्पादकाच्या माहितीपत्रकावरचं (डेटाशीट) 'श्वसनयोग्य नाही', म्हणजे फुफ्फुसात खोलवर जात नाही, हे न जळलेल्या मालाबद्दल असतं.

नॅनोट्यूबचं म्हणाल तर हवेत साधारण ५०० ते ६५० अंशांना त्या स्वतःच जळतात. भडकलेल्या आगीत बऱ्याचशा संपतात. धुमसणाऱ्या आगीत मात्र रेझिन जातं आणि नॅनोट्यूब पृष्ठभागावर गुंतलेल्या जाळीसारख्या उरतात. ही जाळी उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून आग मंदावण्यासाठी त्या मुद्दाम घालतातही. हवेत एकेकटी सुटी नळी क्वचितच दिसते, बहुधा काजळीला चिकटलेले पुंजके असतात. त्या काजळीवर कर्करोगकारक बहुचक्रीय हायड्रोकार्बन असतात, ते वेगळंच.

आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २०१४ साली नॅनोट्यूबचा एमडब्ल्यूसीएनटी-७ हा एकच प्रकार २बी गटात, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकला, बाकीचे गट ३ मध्ये. गट ३ म्हणजे 'निर्धोक' नव्हे, पुरावा अपुरा इतकंच. नायॉशची (अमेरिकेची कामगार-आरोग्य संशोधन संस्था) कामाच्या जागेवरच्या नॅनोट्यूबसाठीची २०१३ची मर्यादा, आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला १ मायक्रोग्रॅम मूलद्रव्यी कार्बन, धुराला लावू नका. त्या मोजणीत काजळीतला कार्बनही धरला जातो.

जळका तुकडा पूर्ण थंड झाल्यावर हलक्या फवाऱ्याने भिजवा. विमान अपघाताच्या ठिकाणी पातळ केलेलं अ‍ॅक्रिलिक फ्लोअर पॉलिश फवारून तंतू बसवतात, तेही चालेल. झाडू आणि हवेचा झोत अजिबात नको. ही साफसफाई करताना पी१०० किंवा एफएफपी३ दर्जाचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा मास्क, तंतू टोचतात म्हणून जाड हातमोजे, आणि धूर चालू असेल तर तिथे फक्त स्वतंत्र हवेचा संच घातलेल्यांनीच जावं. व्हॅक्यूम हेपा फिल्टरचाच (बारीक कण अडवणारा) आणि वीजवाहक धुळीसाठी बनवलेला घ्या, नाहीतर कार्बनची धूळ मोटरमध्ये शिरून शॉर्ट होईल.