'गुलाम राज्ये' आणि 'स्वतंत्र राज्ये' ही जोडी चालेल का?

स्पर्धा परीक्षांसाठी जागतिक इतिहासाची मराठी टिपणं तयार करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: यादवी युद्धापूर्वीच्या अमेरिकेत राज्यांचे 'स्लेव्ह स्टेट' आणि 'फ्री स्टेट' असे दोन गट होते. त्यांना 'गुलाम राज्ये' आणि 'स्वतंत्र राज्ये' म्हणावं का? शिवाय 'गुलाम'ऐवजी 'दास' वापरलं तर चालेल का?

पहिल्या जोडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ती वापरू नका. 'गुलामगिरीची राज्ये' आणि 'गुलामगिरीबंदीची राज्ये' असं लिहा. नकाशात जागा कमी असेल तर नुसतं 'गुलामगिरी कायदेशीर' आणि 'गुलामगिरीला बंदी' एवढं पुरे. दारूबंदी, हुंडाबंदी हे शब्द आपल्या अंगवळणी पडलेले आहेत, त्यामुळे 'बंदी' म्हटलं की इथे कायद्याची गोष्ट चालली आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

'स्वतंत्र राज्य' म्हटलं की मराठी माणसाच्या मनात परक्याची सत्ता नसलेलं राज्य येतं, आणि 'गुलाम राज्य' म्हटलं की पारतंत्र्यात पडलेलं. अमेरिकेतली ही दोन्ही प्रकारची राज्यं एकाच संघराज्याचे घटक होती. संघराज्याच्या सिनेटमध्ये गुलामगिरीबंदीच्या ओहायोचे दोन सदस्य, तसे गुलामगिरीच्या व्हर्जिनियाचेही दोनच. टिपणं १८६१ सालापर्यंत आली की घोटाळा पुरता उघडा पडतो. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटून निघालं, पाठोपाठ आणखी दहा राज्यं गेली आणि त्यांनी आपला वेगळा संघ उभा केला. हे कसं लिहिणार? 'गुलाम राज्यांनी स्वतंत्र राज्य स्थापन केलं'? विद्यार्थी गोंधळला तर त्याला दोष देता येणार नाही.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. 'गुलाम राज्य' म्हटलं की तिथे सगळीकडे गुलामच, आणि 'स्वतंत्र' किंवा 'मुक्त राज्य' म्हटलं की तिथलं प्रत्येक माणूस मोकळं, असं चित्र उभं राहतं. १८६० च्या जनगणनेत डेलावेअर हे गुलामगिरीचं राज्य. तिथे गुलाम होते १,७९८ आणि गुलाम नसलेले काळे लोक १९,००० हून अधिक. शेजारचं न्यू जर्सी गुलामगिरीबंदीचं, तरी तिथे १८ माणसं बंधनात होती. कायद्याने त्यांना 'आजन्म शिकाऊ उमेदवार' असं नाव दिलं होतं, एवढंच. इकडे साउथ कॅरोलायनात निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलाम. इंडियानाच्या १८५१ च्या राज्यघटनेने काळ्या माणसाला राज्यात येऊन राहायलाच मनाई केली होती, आणि हे 'फ्री स्टेट'! राज्याच्या कायद्यात मालकीहक्काला जागा होती की नव्हती, एवढंच ही नावं सांगतात. आपल्या शब्दांनीही तेवढंच सांगावं.

अँथनी बर्न्स या तरुणाची हकिगत टिपणांत जरूर घ्या. व्हर्जिनियातल्या रिचमंडहून तो जहाजात लपून बॉस्टनला आला आणि कपड्यांच्या दुकानात कामाला लागला. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी १७८० च्या दशकातच न्यायालयांच्या निकालांनी संपली होती. तरीही २४ मे १८५४ रोजी त्याला तिथे पकडलं, कारण १८५० चा संघराज्याचा कायदा पळून आलेल्या गुलामाला कुठल्याही राज्यातून परत नेण्याची मुभा देत होता. त्या कायद्यात सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याचा मेहनतानाही ठरलेला होता: माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५. २ जूनला बर्न्सला सैनिकांच्या पहाऱ्यात बॉस्टनच्या रस्त्यांवरून बंदराकडे नेलं. लोकांनी इमारतींवर काळी कापडं लावली होती, दुतर्फा हजारो माणसं उभी होती, आणि त्यांच्यादेखत त्याला जहाजावर चढवून व्हर्जिनियाला धाडलं. पुढच्या वर्षी बॉस्टनच्या लोकांनी पैसे जमवून त्याला सोडवलं. आता हे सगळं 'स्वतंत्र राज्यात' घडलं असं लिहून बघा!

यातच आणखी एक शब्द येतो, 'फरारी'. कायद्याचं नाव सांगताना 'फरारी गुलाम कायदा' बरोबर आहे, कारण कायद्याच्या नजरेत तो फरारीच होता. पण तुमच्या स्वतःच्या वाक्यात बर्न्सला 'फरारी' म्हणू नका. 'पळून आलेला' किंवा 'सुटून आलेला' म्हणा. 'फरारी आरोपी' हे आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो, आणि तो गुन्ह्याचा वास या माणसाला लागता कामा नये.

बर्न्सला पकडलं त्याच सुमारास, ३० मे रोजी, राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही केली. तिथे 'टेरिटरी' हा शब्द लागतो आणि तो तसाच ठेवावा. 'प्रदेश' फार मोघम होतो आणि 'वसाहत' म्हटलं की ब्रिटिश आठवतात. टेरिटरी म्हणजे संघराज्याच्या ताब्यातला, अजून राज्याचा दर्जा न मिळालेला मुलूख. भांडणाचं मूळ त्यातच होतं. नव्या मुलखाचं राज्य झालं की सिनेटमध्ये दोन जागा वाढत, म्हणून १८२० मध्ये मिसूरी गुलामगिरीसह आणि मेन गुलामगिरीबंदीसह अशी जोडीने भरती करायचं ठरवून तोल राखला. लुइझियाना खरेदीत, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेऊन, मिळालेल्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नको असंही तेव्हा ठरलं. १८५४ च्या कायद्याने ती रेषा पुसली आणि निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोपवला. याला 'जनतेचे सार्वभौमत्व' म्हणताना कंसात 'म्हणजे तिथल्या गोऱ्या पुरुषांचे' अशी पुस्ती जोडा. शेजारच्या मिसूरीतून गुलामगिरीच्या बाजूची माणसं घुसून कॅन्ससमध्ये मतं टाकून गेली आणि मग तिथे रक्त सांडलं.

आता 'दास'. मी वापरणार नाही. रामदास, हरिदास म्हणणाऱ्या भाषेत दासपणा माणूस आपणहून पत्करतो, त्यात मान असतो. पेशवाईच्या कागदांतले 'बटीक', 'कुणबीण' हे शब्द जवळचे, पण फक्त बायकांचे आणि आता जुने झालेले. 'गुलाम' अरबीतून आला आणि मराठीत पक्का रुजला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, आणि ते अर्पण केलं निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच. मराठीत या विषयाला हाच शब्द निदान तेव्हापासून तरी लागू आहे. गंमत नव्हे, पण ध्यानात ठेवण्यासारखं आहे: अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही. तिथे 'इतर व्यक्ती', 'सेवेस बांधील व्यक्ती' अशी आडवळणं आहेत. गुलामगिरीचं नाव घटनेत पहिल्यांदा आलं ते १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, ती नष्ट करताना. मराठीत आपण आडवळण कशाला घ्यायचं?

जाता जाता, 'सेक्शनल' (देशाच्या भागाभागांतल्या भांडणांना लावतात तो शब्द) साठी 'विभागीय' नको, त्याने विभागीय कार्यालय आठवतं. १८५० नंतरच्या काळासाठी सरळ 'उत्तर-दक्षिण संघर्ष' लिहा. त्याआधी पश्चिमेकडची राज्यंही वेगळा गट धरून असत, तिथे 'प्रादेशिक' बरा. आणि युद्धाला 'यादवी' किंवा 'गृहयुद्ध' म्हणा, 'नागरी युद्ध' नको.